पेटीला हाक

हाक मारायची आणि पेटीने पाण्यातून वर यायचं, एवढाच सगळा प्रकार. पण त्या सकाळी धक्क्यावर जमलेली गर्दी बघून कोणालाही वाटलं असतं की आम्ही समुद्राच्या तळातून सोनं उपसायला निघालोय. आत्या होडीवर चढली, इंजिनाच्या झाकणावर थाप मारली आणि मला म्हणाली, "दात काय काढतेस? दोर सोड." मी दात काढत होते हे खरंच. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, तरी अंगात वारं शिरलं होतं.

आम्ही खेकडे धरतो. जाळीचा पिंजरा, आत माशांची डोकी, पिंजरा तळाला. त्याला बांधलेला दोर सरळ वर येतो आणि दोराच्या टोकाला पाण्यावर बोया तरंगतो. आमच्या बंदरात प्रत्येक घराच्या बोयाचा रंग ठरलेला आहे. आमचा वर नारिंगी, खाली काळा. बोया दिसला की पिंजरा कोणाचा ते कळतं, म्हणजे भांडणं होत नाहीत. होतात, पण कमी.

गोची अशी की जिथे हे दोर उभे असतात, त्याच पाण्यातून दर वर्षी देवमासे पिल्लांना घेऊन जातात. मागच्या मोसमात एक मादी अडकली. दोर तिच्या तोंडातून जाऊन वल्ह्यासारख्या पराभोवती आवळला होता आणि ती मागे एक बोया ओढत चालली होती. वर नारिंगी, खाली काळा. मत्स्य खात्याच्या माणसांनी जीव धोक्यात घालून तो दोर कापला आणि ती सुटली. पण आत्याने त्या दिवशी सगळे पिंजरे शेडमध्ये नेऊन रचले ते रचलेच. "माझा रंग त्या जनावराच्या अंगावर सगळ्या बंदराने बघितला," एवढंच म्हणाली. तिला कोणी काही बोललं नव्हतं. तशी हिंमत कोणात होती?

त्यानंतर खात्याने नियम काढायचं ठरवलं. देवमासे येतात ते जाईपर्यंत आखात पिंजऱ्यांना बंद, नाहीतर नवी पेटी वापरून दाखवा. या पेटीत दोर वेटोळं करून ठेवायचा, त्यावर बोया, वर झाकण आणि झाकणाला कडी. पेटी पिंजऱ्याला जोडलेली, सगळं एकदम तळाला. पाण्यात उभा दोर नाहीच. पिंजरा काढायचा झाला की होडीवरून भोपळ्याएवढा कर्णा पाण्यात सोडायचा आणि बटण दाबायचं. कर्ण्याचा आवाज ओळखून पेटी कडी सोडते, झाकण उघडतं, बोया दोर घेऊन वर येतो. कडी सुटली की पेटीही उलट आवाज देते आणि होडीवर हिरवा दिवा लागतो. आम्ही त्याला हाक आणि ओ म्हणायला लागलो.

अट एकच होती, पण कडक. दहा पेट्या टाकायच्या आणि दहाही हाकेसरशी वर आल्या पाहिजेत. एक जरी तळाला राहिली तरी नापास. तळाला राहिलेला पिंजरा खेकडे धरतच राहतो, ते आत मरतात, त्यांच्या वासाने आणखी येतात, आणि कोणाच्याच पोटात काही जात नाही. खात्याच्या मॅडमनी सभेत विचारलं की चाचणीला कोण तयार आहे, तर त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आत्याचा हात वर.

घरी येऊन तिने आम्हाला सांगितलं, "पास झालो तर धंदा चालू. नापास झालो तर होडी विकायची. उभा दोर मी परत पाण्यात सोडणार नाही." आत्या बोलायचं म्हणून बोलत नाही. गिऱ्हाईक येऊन होडी बघूनही गेलं होतं. बोटाने दाबून फळ्या तपासत होतं, तेव्हा मला ते बोट मुरगाळावंसं वाटलं. त्या होडीचं इंजिन मी सांभाळते. माझं डोकं तापट आणि इंजिन थंड, म्हणून आमचं जमतं.

तर होडीवर आम्ही दोघी, खात्याच्या मॅडम आणि साक्षीदार म्हणून भोंगा. भोंगा म्हणजे होडीवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. तो कानात बोलला तरी धक्क्यावरचे पक्षी उडतात. "माझ्या बापाने बटण दाबून खेकडे धरले नाहीत," हे त्याने निघाल्यापासून इतक्यांदा ऐकवलं की शेवटी आत्या म्हणाली, "भाऊजी, तुमच्या बापाने इंजिनही वापरलं नव्हतं. उतरा आणि वल्हवा."

राहिले आतोबा, आत्याचे यजमान. ते धक्क्यावर. आतोबांना पाणी कधी मानवलंच नाही. होडी नुसती डुलली की त्यांचा चेहरा पिवळा पडतो. लग्न झाल्यापासून आत्या समुद्रावर आणि आतोबा शेडमध्ये, दोर जोडत, जाळी विणत, पिंजरे भरत. माणूस इतका मितभाषी की शेजाऱ्यांनी त्यांचा आवाज ऐकलाय की नाही शंका. आदल्या संध्याकाळी मॅडम शेडमध्ये येऊन सगळं समजावून गेल्या. झाकणावर काही ठेवायचं नाही, काही बांधायचं नाही, कडी पुरते. आतोबांनी मान डोलावली. मॅडमसमोर नऊ पेट्या भरून झाल्या, मग त्या गेल्या, मी इंजिनात तेल घालायला गेले आणि शेवटची पेटी आतोबांनी भरली.

आम्ही आखाताच्या मधोमध पेट्या सोडल्या. एक एक पिंजरा बुडबुडे काढत खाली गेला आणि वर काहीच उरलं नाही. ना बोया, ना दोर. मला कसंतरीच झालं. इतकी वर्षं पाण्याकडे बघितलं की आपला रंग दिसायचा, आता नुसतं पाणी. भोंगा म्हणाला, "गेलं सगळं. आता बसा बोंबलत." आत्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पिंजऱ्यात खेकडे शिरायला वेळ द्यायचा होता, म्हणून इंजिन बंद करून आम्ही थांबलो. मॅडम जरा कुठे घोटभर चहा घेताहेत तोच त्यांनी कप खाली ठेवला आणि हात वर केला.

आधी आवाज आला. मोठा, ओला उच्छ्वास. मग लांबवर पाण्याचा फवारा, आणि त्याच्या बाजूला एक छोटा, वाकडातिकडा फवारा. मादी आणि पिल्लू! मी होडीची कड घट्ट धरली. मॅडमनी गडबडीत दुर्बीण उलटी डोळ्याला लावली. ही बाई दर वर्षी देवमासे मोजते आणि तरी तिची अशी तारांबळ उडाली, हे मला फार आवडलं.

ती दोघं सरळ आमच्याकडे येत होती. आमच्याकडे म्हणजे आमच्या पेट्यांकडे. काळी पाठ वर यायची, वळायची, खाली जायची. पिल्लू आईला चिकटून, मध्येच तिच्या पाठीवर चढून घसरत होतं. आमची पहिली पेटी जिथे होती तिथून ती गेली. दुसरी, तिसरी. मागच्या वर्षी त्या प्रत्येक जागी एक दोर उभा होता. मी श्वास रोखून बघत होते आणि ती आपली पाण्यातून पाणी जावं तशी जात होती. कशाला अडखळणं नाही, कशाला हिसका नाही. पिल्लू तर एका जागी खेळत थांबलं. बरोबर आमच्या पिंजऱ्याच्या वर, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"वहिनी," भोंगा म्हणाला. कुजबुजला, चक्क कुजबुजला. "वहिनी, केवढं आहे हो."

आत्या सुकाणू धरून उभी होती. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. मीही रडत होते. मी रागाने रडते, आनंदाने रडते, माझं काही विशेष नाही. पण आत्याला मी तोवर रडताना बघितलं नव्हतं.

देवमासे पार लांब गेल्याची मॅडमनी खात्री केली. "डोक्यावर देवमासा असताना दोर वर आणला तर काय उपयोग?" त्या म्हणाल्या. मग कर्णा पाण्यात सोडला आणि मला बटण दिलं.

पहिली हाक. हिरवा दिवा. आम्ही चौघं पाण्याकडे डोळे लावून. काही नाही, काही नाही, आणि फस्सकन बोया पाण्याबाहेर! नारिंगी टोपी घातल्यासारखा उडी मारून आला आणि डुलायला लागला. मी इतकी जोरात ओरडले की भोंग्याने माझ्याकडे आदराने बघितलं. आकडीने बोया ओढला, दोर होडीच्या रहाटावर चढवला, पिंजरा वर. आत खेकडे! दुसरी हाक, दुसरा बोया. तिसरी. मला थांबवेना. पाचवीपर्यंत भोंगाच आधी बोट दाखवायला लागला, "ती बघ, ती बघ आली." सातवीला म्हणाला, "हे बटण कुठे मिळतं?" आत्या हसली. नववी पेटी वर आली तेव्हा मी मनातल्या मनात त्या गिऱ्हाइकाला होडीवरून ढकलून दिलं होतं.

दहावीला हाक मारली. हिरवा दिवा लागला. बोया नाही.

थोडं थांबलो. परत दाबलं. परत हिरवा दिवा. पाणी सपाट.

"कडी सुटली असं ती सांगतेय," मॅडम कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "मग झाकण का उघडत नाही?"

मी बटण दाबत सुटले. दिवा आपला हिरवा, जणू आमची चेष्टाच चालली होती.    भोंगा डोकं खाजवत होता. मग हळूच म्हणाला, "वहिनी, शेवटची पेटी कोणी भरली?"

आत्याने डोळे मिटले. "बांधली असणार," ती म्हणाली.

मॅडमना कळेना, म्हणून त्यांना सांगावं लागलं. आमच्या बंदरात दर फेरीला शेवटचा पिंजरा घरी राहणारा माणूस बांधतो. सुतळीची एक जादा गाठ. तिचा उपयोग काही नाही, पण ती बांधल्याशिवाय होडी सुटत नाही. गाठ परत घरी आली की माणूस परत घरी आला. आमच्याकडे ती गाठ आतोबांची. पिंजऱ्यावर मारली असती तर काही बिघडलं नसतं. पण या वेळी पिंजऱ्याच्या वर पेटी होती, आणि त्यांनी ती पेटीच्या झाकणावरून घेतली असणार.

मी फोन लावला. "आतोबा, तुम्ही झाकण बांधलंत?"

 "एकच गाठ मारली गं."

माझं डोकंच फिरलं. मॅडमनी काय सांगितलं होतं, तुम्ही मान कशाला डोलावलीत, त्या एका सुतळीपायी होडी जाणार आता, असं मी काय काय बोलले. आत्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला. मला वाटलं आता खरा स्फोट होणार. ती म्हणाली, "अहो, जेवलात का?" आणि फोन ठेवला.

पिंजरा तळाला सोडायचा नव्हता, म्हणून काटेरी गळ टाकून आम्ही तो शोधला. वैताग आला. गळ रिकामा येई, परत टाकायचा. भोंग्याने शर्ट काढून दोर ओढला, हे मी मान्य करते. शेवटी पिंजरा वर आला. कडी सुटलेली, झाकण बंद, आणि झाकणावरून सुतळीची व्यवस्थित, सुबक गाठ.

"यंत्र चोख आहे," मॅडम म्हणाल्या. "पण हाकेने वर आली नाही. मला नापासच म्हणावं लागेल."

"एका गाठीसाठी?" मी उसळले. "चुकून मारली त्यांनी."

"चुकून नाही," भोंगा म्हणाला. तो गाठीवरून बोट फिरवत होता. "माझ्या बायकोनेही मारली असती. बंदरात एकही घर नाही जे मारणार नाही."

"मग तुम्हीच सांगा," मॅडम म्हणाल्या, आणि त्या रागाने नाही, खरंच वाईट वाटून बोलत होत्या. "उद्या सगळ्या होड्यांना पेट्या दिल्या, तर पहिल्याच फेरीला प्रत्येक होडीचा एक पिंजरा तळाला राहणार."

  नऊ पेट्या ओळीने उभ्या होत्या, खेकडे आत खडखड करत होते, आणि मला त्या गिऱ्हाइकाचं बोट आठवत होतं.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "मॅडम, यंत्राची परीक्षा झाली. आता आमची घ्या."

"म्हणजे?"

"ज्याने गाठ मारली त्याला घेऊन येते. तुमच्यासमोर तो पेटी भरेल. आली वर तर आली. नाही आली तर मीच म्हणेन नापास."

मॅडमनी घड्याळ बघितलं, सूर्याकडे बघितलं आणि मान डोलावली. आत्याने सुकाणू असं फिरवलं की भोंगा खेकड्यांवर बसता बसता वाचला.

धक्क्यावर निम्मं बंदर होतं. बातमी आमच्या आधी पोचली होती. आतोबा पुढे उभे, टोपी हातात, चेहरा एवढासा. आत्या होडीवरूनच म्हणाली, "अहो, चला."

"कुठे?"

"पेटी भरायला."

"इथे भरतो की." मग ते घुटमळले. "मला कळलं होतं गं, बांधायचं नाही ते. पण तू निघणार म्हटल्यावर हाताला राहवेना. मला इथे बसून दुसरं काय करता येतं?"

सगळ्यांसमोर एवढं लांब ते आयुष्यात बोलले नसतील. आत्याने हात पुढे केला. "म्हणून तर म्हणते, चला."

भोंग्याने त्यांना उचलून होडीत ठेवलं. आखाताच्या मध्यापर्यंत आतोबांचा चेहरा पिवळा, मग हिरवा, मग सांगता येणार नाही असा रंगला. बादली एका हाताने धरून त्यांनी दुसऱ्या हाताने दोर तपासला. पण दोर वेटोळायला घेतला आणि हात स्थिर झाले. सुंदर वेटोळं, वर बोया, झाकण, कडी. आणि मग त्यांचा हात खिशाकडे गेला. सुतळीचा गुंडा तिथेच असतो. आम्ही सगळे बघत होतो.  त्यांनी गुंडा बाहेर काढला, हातात फिरवला आणि भोंग्याच्या हातात दिला.

"धरा," म्हणाले. "परत मागितला तरी देऊ नका."

पेटी पाण्यात गेली. बुडबुडे आले आणि थांबले. मी बटण हातात घेतलं, तर आत्या म्हणाली, "तू नको. अहो, तुम्ही मारा हाक."

आतोबांनी बटण दाबलं. दाबतानाच त्यांचे ओठ हलले, आवाज नाही आला, पण ते पेटीला खरोखरच काहीतरी म्हणाले. हिरवा दिवा लागला. आम्ही पाचही जण होडीच्या एकाच बाजूला, होडी कलली, कोणाला पर्वा नव्हती. पाणी सपाट होतं. सपाटच होतं. मॅडमनी माझं मनगट धरलं होतं आणि नखं रुतत होती.

फस्सकन बोया वर आला, नारिंगी आणि काळा, आतोबांच्या हाताच्या अंतरावर, आणि त्यांच्या तोंडावर पाणी उडालं.

भोंगा जे गरजला ते धक्क्यापर्यंत ऐकू गेलं असणार. मॅडम हसत होत्या आणि "पास, पास" म्हणत होत्या. मी त्यांना मिठी मारली, मग भोंग्याला मारली, आणि त्याचा मला नंतर पश्चात्ताप झाला, कारण त्याने खेकड्यांच्या घाणीत हात घातले होते. आतोबा मात्र तोंडही न पुसता बोयाकडे बघत होते. "अगं, आली," ते म्हणाले. "न बांधता आली."

"मी रोज आलेच ना?" आत्या म्हणाली. "ती काय तुमच्या गाठीमुळे?"

"मला काय माहीत?" आतोबा म्हणाले. "मी तुला कधी न बांधता पाठवलंच नाही."

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. मग सुकाणू धरलं, होडी बंदराच्या दिशेने वळवली आणि म्हणाली, "मग उद्यापासून कळेल."